तपासणीपुरती टाकी

दैफल्लानं शेवटचा नट आवळला आणि पाना अंगरख्याच्या खिशात लपवला. नगरपालिकेचा इंजिनियर मुतसिम तपासणीसाठी जिना चढून गच्चीवर येतच होता.

गच्चीवर सोलर हीटर असल्याशिवाय नव्या घराला भोगवटा दाखला नाही, दाखल्याशिवाय वीज नाही, आणि पुढच्या आठवड्यात तर सून घरात यायची होती. दैफल्लाचा सगळा पैसा दर्शनी भिंतीच्या पांढऱ्या दगडात गेला होता. अख्ख्या करक जिल्ह्यात असा दगड नाही, असं तोच सांगत फिरायचा. तपासणीपुरती कुणाच्या तरी हीटरची टाकी चढवायची, ही गावातली जुनीच युक्ती. पण लोक निदान मागून तरी आणत. एवढं मिरवल्यावर मोठ्या बहिणीपुढे, फिद्दापुढे, हात कसा पसरायचा, म्हणून त्यानं तिला थाप मारली होती, "टाकी गळतेय, दुरुस्तीला नेतो." ती बिचारी दोन दिवस गॅसवर पाणी तापवत होती.

"टाकी जुनी दिसते," मुतसिम म्हणाला.

तेवढ्यात घराला दुवा देत, खजुराचं ताट घेऊन फिद्दाच जिन्यातून वर आली. कडेला पोचा पडलेली आपली टाकी तिनं पाहिली. मग भावाकडे पाहिलं.

"जुनी असली तरी पाणी चांगलं तापवते, साहेब," ती म्हणाली. "माझीच आहे. भावाला दिलीय, नव्या घराची भेट."

"मग माझी काही हरकत नाही, मावशी."

मुतसिमनं सही केली, एक खजूर तोंडात टाकला आणि तो गेला.

दैफल्लाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली बैठकीत बहिणीला बसवून त्यानं कॉफी ओतली. फिद्दानं कप घेतला आणि न पिता समोर ठेवला. असा ठेवलेला कप म्हणजे पाहुण्याचं काही मागणं आहे. ते पुरं होईपर्यंत तो कप ओठाला लावत नाही. टाकी परत मागणार, दैफल्लाच्या मनात आलं. मागावीच, असंही वाटलं.

"पी, ताई. मागशील ते दिलं."

"नक्की?"

"दिलं म्हटलं ना."

"मग एवढंच सांग. टाकी खरंच गळत होती का रे?"

अजूनही हो म्हणून सुटता आलं असतं. तो मान खाली घालून किटलीचा दांडा पुसत राहिला.

"नाही," तो म्हणाला.

फिद्दानं कप उचलला आणि निवलेली कॉफी एका घोटात संपवली.

"टाकी राहू दे वरच," ती म्हणाली. "नव्या सुनेला गार पाण्यानं अंघोळ नको."

तिनं पुन्हा कप पुढे केला. ओतायचं तर त्याला मान वर करावी लागणार होती.