लोअर आर्मचे बुश आणि आमचे हे

आमच्या फ्रिजमध्ये सध्या दह्याच्या पातेल्याशेजारी दोन रबरी बुश ठेवलेत. लोणावळ्याच्या थंडीत कुठलं रबर किती कडक होतं, ते आमच्या ह्यांना बघायचंय. मे महिना आहे, घामाच्या धारा लागल्यात, पण संशोधन म्हटलं की ते व्हायलाच हवं. दह्याला रबराचा वास येतो म्हटलं, तर म्हणाले, "कुठल्या कंपनीच्या रबराचा, ते ओळखता येतंय का?"

हे म्हणजे गोपाळकृष्ण, माझे यजमान. छत्तीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. सिग्नल मिळाल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, ही सवय तिथली. मी सरोजिनी, वडगावच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. पाच मिनिटांत उत्तर आलं नाही की माझं डोकं फिरतं. असा आमचा संसार.

बुश म्हणजे काय, ते मीच सांगते, कारण चार महिने मला दुसरं काही ऐकायलाच मिळालेलं नाही. गाडीचं पुढचं चाक ज्या लोखंडी हातानं धरलेलं असतं, तो लोअर आर्म. त्याच्या टोकाला लाडवाएवढा रबराचा गोळा ठोकून बसवतात, तो बुश. रस्त्याचा दणका त्यानं खायचा, म्हणजे आपल्याला खावा लागत नाही. आमची गाडी एकवीस वर्षांची, तिचे बुश फाटले. फाटले तर बदलायचे, झालं! पण नाही. रबराचे घ्यायचे की पी.यू.चे? पी.यू. म्हणजे प्लॅस्टिकच्या जातीचं कडक काहीतरी. कंपनीचे घ्यायचे की बाजारातले? बाजारातले घ्यायचे तर तळेगावच्या दुकानातले की सोमाटणे फाट्यावरचे? ह्यांनी वही केली, रकाने आखले. सहा जोड्या आणल्या, माझ्या काट्यावर तोलल्या, अंगठ्यानं दाबून पाहिल्या. एक जोडी तर इडलीपात्रात उकळली. त्या दिवसापासून आमच्याकडे इडली झालेली नाही.

एवढं सगळं माझ्या पाठीसाठी चाललंय हो. जानेवारीत वडगावला तहसील कचेरीतलं काम उरकून परत येत होतो. रंग उडालेला एक स्पीडब्रेकर ह्यांना दिसला नाही, गाडी आदळली आणि माझ्या पाठीत अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली. मणका दबला होता. सहा आठवडे अंथरुणात काढले, मग पट्टा लागला. एप्रिलमध्ये डॉक्टरांनी सांगितलं, आता गाडीतून हिंडा, फक्त रिक्षा आणि एसटी नको. मी लगेच साडी काढली. हे म्हणाले, "नवे बुश बसल्याशिवाय मी तुला गाडीत बसवणार नाही." मला तेव्हा काय भरून आलं होतं! मूर्ख कुठली.

तेव्हापासून गाडी अंगणात लाकडी ठोकळ्यांवर चढून बसलीय आणि मी व्हरांड्यात. शेजारचे राजेंद्र बिचारे म्हणाले, "काकूंना माझ्या गाडीतून सोडतो." नवीकोरी गाडी आहे त्यांची. ह्यांनी तोंडावर विचारलं, "तुमच्या गाडीचे बुश कोणी तपासलेत?" ते गृहस्थ त्यानंतर आमच्या फाटकाकडे बघतसुद्धा नाहीत.

एरवी मी हेही सोसलं असतं, पण रविवारी सविताचं लग्न. सविता ही रतनबाईची नात. रतनबाई औंढ्याची, आमच्या शाळेत शिपाई होती. बावीस वर्षं आम्ही दोघींनी एका डब्यात खाल्लं. सविता गणितात दोनदा आपटली, तेव्हा वर्षभर माझ्या स्वयंपाकघरात बसवून तिच्याकडून गणितं करून घेतली. आज ती तळेगावला नर्स आहे. रतनबाई स्वतः पत्रिका घेऊन आली आणि म्हणाली, "बाई, तुमी आल्याबिगर मी कुनाला अक्षता टाकू द्यायची न्हाई. मग मुहूर्त टळला तरी चालंल." ती बोलेल तसं करते, मला माहीत आहे. औंढं आमच्या घरापासून अर्ध्या तासाचंही नाही. चंद्रावर माणसं गेली, मला औंढ्याला जाता येईना.

बुधवारी हे सातवी जोडी बघायला सोमाटण्याला गेले. त्यांची पाठ वळली तशी मी महिपतीला फोन लावला. महिपती आमचा मेकॅनिक, मूळचा शेतकरी घरातला, जुन्या हायवेवर गॅरेज आहे. आला, पायरीवर बसला, चहा घेतला. मी सहाच्या सहा जोड्या त्याच्यापुढे मांडल्या, फ्रिजमधल्यासुद्धा.

"यातली कुठली चांगली, एका वाक्यात सांग."

त्यानं दोन उचलल्या. "ही पी.यू. न्हाई घ्यायची. शर्यतीवाल्यांचं काम ते. लय कडक, खड्डा डायरेक पाठीत. ही रबराची घ्या. तुमच्या पाठीला हीच बरी. कंपनीचं एवढं काय न्हाई काकू, बसवनाऱ्यावर असतंय. गाडी चाकावर हुभी करून मग बोल्ट आवळायचा. हवेत लटकत असताना आवळला की रबर पिळलेलं ऱ्हातं, दोन म्हयन्यांत फाटतं. अर्ध्या दिसाचं काम हाय."

"अर्ध्या दिवसाचं! मग हे साहेब चार महिने काय करतायत? तू सांगितलं नाहीस त्यांना?"

"पयल्याच दिशी सांगितलंय." तो कपात बघायला लागला. "भाऊ ऐकत्यात पन पटत न्हाई त्यांना. रोज फोन करून इचारत्यात, महिपती, नक्की दनका लागनार न्हाई ना? आता मी काय लिहून देऊ?"

"मेलं, वेड लागलंय त्यांना."

"वेड न्हाई काकू." मग अडखळत म्हणाला, "तुमाला बोलले न्हाईत व्हय? दिवाळीच्या टायमाला गाडी माज्याकडं आलती. मी तवाच म्हनलो, भाऊ, दोन्ही बुश गेल्यात, बदला. भाऊ म्हनले, आवाज येत न्हाई अजून, बघू उन्हाळ्यात. आन जानेवारीत तुमचं तसं झालं. त्या दिशी माज्याकडं आले, गाडीखाली वाकून बघितलं आन तितंच फरशीवर बसले. मला म्हनले, मी मोडली तिची पाठ. लय रडले वो. मानूस असा रडलेला मी बघितला न्हवता."

महिपती गेला. मी उठून साड्यांचं कपाट उघडलं.

कारण खरी गोष्ट वेगळी होती आणि ती एकट्या मला माहीत होती. दोन वर्षांपूर्वी तळेगावला एका शिबिरात माझी हाडं तपासली होती. हाडं पोकळ झालीत, गोळ्या सुरू करा, असं कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद मी साड्यांखाली सरकवला. ह्यांना कळलं असतं तर गोळ्यांचीही वही झाली असती, रकाने आले असते, आणि मला ते नको होतं. मी धडधाकट बाई, मला कसल्या गोळ्या! जानेवारीत हे औषधं आणायला खाली गेले होते, तेव्हा डॉक्टर मला म्हणाले होते, "आजी, एवढ्या दणक्यानं चांगलं हाड मोडत नाही. तुमचं शिंक आली असती तरी गेलं असतं. घरच्यांना सांगा."

मी सांगितलं नाही. गाडीत कळ आली तेव्हा "तुम्ही आणि तुमचा हा खटारा!" असं ओरडले होते, तेच चालू ठेवलं. चार महिने चहा जागेवर येत होता, शेजारणी ह्यांना नावं ठेवत होत्या आणि माझं कौतुक करत होत्या. मी ऐकून घेतलं. लाज वाटावी असंच आहे ते.

हे दुपारी आले, हातात सातवी जोडी. "सरोज, ही बघ, ही जरा मऊ लागते."

मी तो कागद टेबलावर ठेवला आणि डॉक्टरांचं बोलणंही सांगून टाकलं, शिंकेसकट. ह्यांनी चष्मा लावला. कागद दोनदा वाचला. तारखेवर बोट ठेवलं.

"दोन वर्षं?"

"हो."

"आणि मी इथे रबर उकळत बसलो?" आवाज चढला होता. "रात्र-रात्र झोप नाही मला! तोंडातून एक शब्द काढता आला नाही तुला?"

"तुम्हाला तरी कुठे आला? महिपतीपुढे रडायला येतं, माझ्यापुढे नाही?"

मला वाटलं आता भांडण जुंपणार, आणि खरं सांगायचं तर जुंपलं असतं तर बरं झालं असतं, भांडणात मी कधी हरत नाही. ह्यांनी चष्मा काढला, खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि विचारलं, "दुखतं का गं अजून?"

चार महिन्यांत ह्यांनी मला हे एकदाही विचारलं नव्हतं. उत्तर ऐकायची भीती वाटत असणार. मीही कुणाला कळू दिलं नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "रोज दुखतं. खूप दुखतं." आणि भोकाड पसरलं, सदुसष्ट वर्षांच्या बाईनं, भर दुपारी. हे माझी पाठ चोळायला लागले, पण इतक्या भीत भीत की हात लागतोय की नाही तेही कळेना.

"जोरात चोळा," मी म्हणाले. "मोडायची ती मोडून झालीय."

ह्यांनी डोळे पुसले, महिपतीला फोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीही न विचारता म्हणाले, "उद्या सकाळी ये. तू म्हणशील ते बसव. रविवारी आम्हाला औंढ्याला जायचंय."