मी बिघडलेच नव्हते

मी एक जुनी खुर्ची आहे मित्रांनो, पण एका जागी बसून राहणाऱ्यांपैकी नाही. पोहण्याच्या तलावाच्या काठावर एका जाड खांबाला मला बसवलेलं आहे. बटण दाबलं की मी वर उचलली जाते, सावकाश वळते आणि माझ्यावर बसलेल्या मुलाला अलगद पाण्यात उतरवते. ज्यांना शिडी उतरता येत नाही, त्यांची शिडी मीच. कागदोपत्री माझं नाव लांबलचक आहे. मुलं मला क्रेन म्हणतात आणि मी तेच नाव लावते. एक आधीच सांगते, आज मी चिडलेली आहे. गोडगोड ऐकायचं असेल तर पलीकडच्या शॉवरला विचारा, त्याचं बरं चाललंय.

मला एका वेल्डरने घडवलं. वाळूची पोती ठेवून त्याने मला कितीतरी वेळा खालीवर केलं. मग स्वतः बसला, पाय वर घेतले आणि डोळे मिटले. खाली येताना त्याने दोन्ही हातांनी माझी कड घट्ट धरली. "पोरं बसणार आहेत हिच्यावर," तो सोबत्याला म्हणाला आणि त्याने माझा वेग निम्म्यावर आणला. त्याचं नाव कुठल्याच पाटीवर नाही. पाटीवर नाव आहे ते उद्घाटनाच्या पाहुण्यांचं. ते बुटांसकट माझ्यावर बसले, हसून फोटो काढून घेतला आणि गेले ते गेलेच.

पण माझे दिवस सोन्याचे होते, खोटं कशाला बोलू? शनिवारची दुपार आमची. चालता न येणारी, पटकन घाबरणारी, बोलायला वेळ लागणारी मुलं यायची. सोबत पोहायला शिकवणाऱ्या बाई आणि काठावर जीवरक्षक. आईवडिलांना मात्र बाई दारातूनच पिटाळायच्या. म्हणायच्या, "तुम्ही इथेच उभे राहिलात तर ना पोराला सुट्टी, ना तुम्हाला. जा, जरा बाहेर फिरून या." त्यांतली एक आई पहिल्या दिवशी दारापर्यंतच गेली आणि काचेतून बघत राहिली. पुढे धीट झाली. समोरच्या दुकानात बसून गरम चहा गरम असतानाच प्यायला लागली. एकदा केस कापून आली, तर लेकीने गमतीत तिला ओळखच दाखवली नाही. "आमची आई कुठे गेली, काकू?" असं तिलाच विचारलं.

ही लेक म्हणजे आमची मासोळी. पाय आणि डावा हात तिचं ऐकत नाहीत, शब्द ओढून ओढून येतात, पण जीभ अशी तिखट की बाईंनाही गप्प करील. जमिनीवर तिला दुसऱ्यांनी उचलायचं, वळवायचं, भरवायचं. पाण्यात मात्र ती उताणी होऊन उजव्या हाताने पाणी ढकलायची आणि तिरकी-तिरकी का होईना, हवी तिकडे जायची. तिचा एकच ध्यास होता. पाठीखाली कुणाचाही हात नसताना तलावाच्या या काठावरून त्या काठाला लागायचं. निम्म्यापर्यंत ती पोचली होती.

मग इथे पोहण्याच्या स्पर्धा झाल्या. लाऊडस्पीकर लावायला जागा हवी होती, म्हणून भिंतीतली माझ्या चार्जिंगची वायर काढली. ती कायम तिथेच असायची, त्यामुळे ती आहे हेही कुणाच्या ध्यानात नव्हतं. काढणाऱ्याने ती छान गुंडाळून माझ्या पाठीमागे अडकवली. काय तो नीटनेटकेपणा! बॅटरी उतरली आणि पुढच्या शनिवारी मी हलले नाही. तलावाच्या व्यवस्थापक साहेबांनी बटण दाबून पाहिलं आणि म्हणाले, "बिघडली." माझ्या गळ्यात 'बंद आहे' अशी पाटी घातली आणि घरोघरी फोन करून कळवलं. दुरुस्तीवाला येणार होता. तो येणारच होता, अजूनही येतोच आहे.

"दोघांनी धरून उतरवा की तिला. केवढीशी आहे," असं साहेब म्हणाले. मासोळीच्या बाबांनी काखेत धरलं, जीवरक्षकाने गुडघ्यांखाली. शेजारच्या पट्ट्यात पोहणारे थांबून बघायला लागले. तिचा पोहण्याचा पोशाख वर सरकला, तो नीट करायला तिचा हात मोकळा नव्हता. काठावर टाच खरचटली. पाण्यात गेल्यावर तिने बोटसुद्धा हलवलं नाही. "मी काय पोतं आहे? बाहेर काढा मला," एवढंच म्हणाली. बाहेर काढतानाची तऱ्हा तर सांगवतही नाही. बाबा भिंतीकडे तोंड करून तिचा टॉवेल पिळत उभे राहिले. टॉवेल कोरडा होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली असती, पण मला तळपाय नाहीत.

त्यानंतर शनिवारचा वर्ग आतल्या खोलीत गेला. पोहायला आलेल्या मुलांना रंगवायला माशांची चित्रं दिली! एकेक घर यायचं थांबलं. उपक्रम सुरू आहे, असं साहेब सगळ्यांना सांगत. माझ्या अंगावर लोक ओल्या चड्ड्या वाळत घालू लागले. येणाऱ्यात उरली एकटी मासोळी. आईचा तो चहा बुडू नये म्हणून ती मुकाट्याने मासे रंगवत बसायची.

एका दुपारी वर्ग लवकर सुटला आणि आईची वाट बघत तिची चाकाची खुर्ची माझ्याजवळ थांबली. तीही बॅटरीवर चालते. त्यांच्या घरात दिवा मालवण्याआधी शेवटचा प्रश्न ठरलेला असतो, खुर्ची लावली का? विसरलं तर दुसरा दिवस घरात. मासोळीला माझ्या पाठीमागची वायर दिसली.

"हिला रात्री कोण लावतं?" तिने साहेबांना विचारलं.

"कुठे लावतं?"

"चार्जिंगला."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी जीवरक्षकाकडे. सगळ्यांचं काम ते कुणाचंच नाही, तशी गत. जीवरक्षकाने वायर भिंतीत खोचली आणि माझा दिवा लागला. "बघा, कसा चुटकीसरशी सुटला प्रश्न," साहेब म्हणाले. चुटकीसरशी म्हणे! तेवढ्या काळात पोरीची उंची चार बोटं वाढली होती. मी बिघडलेच नव्हते मित्रांनो, मला उपाशी ठेवलं होतं.

पुढच्या शनिवारी मी तिला पाण्यात उतरवलं. मध्ये दोनदा दम खायला ती नुसती तरंगत राहिली, पण पाठीखाली कुणाचा हात नव्हता आणि ती पलीकडच्या काठाला लागली. बाईंनी टाळ्या वाजवल्या. एवढ्या मोठ्या तलावात एकट्या बाईंच्याच. परत माझ्याजवळ आल्यावर मासोळीने काठाची दांडी धरली.

"बाकीचे कुठे आहेत?"

"सोय सुरू आहे आता," साहेब म्हणाले. "ज्यांना यायचं ते येतील."

"बंद आहे हे फोन करून सांगितलंत ना? मग सुरू आहे हेही सांगा."

"सांगू की सोमवारी."

"आत्ता सांगा. तोवर मी क्रेनवर बसत नाही."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाई तिच्या शेजारी पाण्यात उभ्या होत्या. "माझ्याकडे बघू नका," त्या म्हणाल्या. "मी काही तिला ओढून काढणार नाही."

साहेबांनी फोन लावला. पलीकडे शनिवारी येणाऱ्या एका मुलाची आई होती. ऐकून घेऊन ती म्हणाली, "आता नको हो. तो परत आंघोळीच्या बादलीलासुद्धा घाबरायला लागलाय. किती मुश्किलीने रुळला होता." साहेब मासोळीला म्हणाले, "बघ, नाही म्हणतात."

"त्याला द्यायला सांगा. मी बोलते."

तिच्या कानाशी फोन धरायचा म्हणजे साहेबांना ओल्या काठावर गुडघे टेकावे लागले. टेकले. मासोळी सावकाश, एकेक शब्द ओढत म्हणाली, "मी पाण्यातून बोलतेय. क्रेन सुरू झाली. तू ये. तू नुसता काठावर बस."

पलीकडून मुलाचा बारीक आवाज आला, "परत बंद ठेवली तर?"

मासोळीने साहेबांकडे पाहिलं. "मला नका विचारू," ती म्हणाली. "तुम्हीच सांगा त्याला."

मित्रांनो, मला जपा, पुसा, तेलपाणी करा, असं मी म्हणत नाही. मला रोज वापरा, आणि मी थांबले तर त्याच दिवशी कुणीतरी एकाने माझ्या मागे वाकून बघा. त्या पोराच्या प्रश्नाला मी उत्तर देऊ शकत नाही, कारण माझं बटण कायम दुसऱ्याच्या बोटाखाली असतं. ज्यांच्या बोटाखाली आहे, त्यांनी बोलायचं आहे.

बोला, साहेब. मुलगा फोनवर थांबलाय.