अभिषेकाचं उदाहरण

शब्दकोशाच्या कार्यालयात ताईचं टेबल खिडकीपाशी होतं आणि मुख्य संपादकांची खोली बरोबर समोर. कित्येक वर्षं ती त्या दाराकडे 'आज ना उद्या' म्हणून बघत आली होती. आता सोमवारपासून तिथे बसणार होती चिमणी, तिची सख्खी धाकटी बहीण. तिला या कामाला लावलं ताईनेच. शब्दाचं मूळ कसं खणायचं, तेही ताईनेच शिकवलं.

"तुम्हाला तर दुप्पट आनंद," टंकलेखक म्हणाला. "पद घरातच आलं की!"

"हो ना, पोटात मावत नाहीये," ताई म्हणाली. पोटात जे मावत नव्हतं, ते तिचं तिलाच ठाऊक.

त्यात निवृत्त होणाऱ्या संपादकांनी नेमका त्याच आठवड्यात तिला नोंदीसाठी शब्द दिला : अभिषेक. तिने लिहायला घेतलं. मूळ धातू 'सिच्', म्हणजे शिंपडणं, ओतणं. पाणी शिंपडून एखाद्याला पदावर बसवणं, तो अभिषेक. पुढे पाण्याविनाही बसवण्याला हाच शब्द चालू लागला. इथवर हात स्थिर होता. मग आलं उदाहरण. इथली रीत अशी, की वाक्य नोंद लिहिणाऱ्याने स्वतः रचायचं आणि संपादकांना मोठ्याने वाचून दाखवायचं. डोळ्यांतून निसटलेली चूक कानाला सापडते म्हणून.

ताईने एका दमात लिहिलं : 'काल जिला बोट धरून चालवलं, तिचाच आज अभिषेक झाला.' म्हाताऱ्याला तरी कळू दे!

पण म्हातारा हसून म्हणाला, "माझे कान आता सुट्टीवर गेले, बाई. सोमवारी नव्या संपादकांनाच ऐकवा."

वाक्य बदलायला वेळ भरपूर होता. तिने बदललं नाही. खरं सांगायचं तर तिला ते चिमणीलाच ऐकवायचं होतं.

सोमवारी चिमणी त्या मोठ्या खुर्चीत जरा हरवल्यासारखी दिसत होती. ते बघून ताईला बरं वाटलं. तिने एकेक शब्द तोलून वाचला.

"टोमणा झकास आहे, तायडे."

"उदाहरण आहे."

"उदाहरण म्हणून नापास. पाऊस पडावा तसा हा अभिषेक आपोआप झाला का? मुळात शिंपडणं आहे, मग शिंपडणारं कुणी नको? तो हात दिसल्याशिवाय वाचणाऱ्याला अर्थ कसा कळणार?"

ताईच्या अंगाची लाही लाही झाली. हरकत बरोबर होती, हेच सहन होईना. तिच्या जागी ताई असती तर तिनेही हेच म्हटलं असतं, अगदी याच शब्दांत.

"मग लिही तूच."

"संपादकाने लिहायचं नसतं. कुणी शिकवलं मला?"

ताई उभ्या उभ्याच टेबलावर वाकली. जुनं वाक्य खोडलं, नवं लिहिलं आणि घसा साफ करून वाचलं : 'थोरलीने सर्वांच्या देखत, स्वतःच्या हाताने, धाकटीचा अभिषेक केला.'

चिमणीने सही केली आणि हळूच विचारलं, "तायडे, खरं आहे हे?"

"उदाहरण बरोबर असावं लागतं," कागद ओढून घेत ताई म्हणाली. "खरं असायला हवं, असा नियम अजून तरी तू केलेला नाहीस."