पहिली काच

त्या पावसाळ्यात जंगलातल्या एका गावात तापाने चार माणसं गेली आणि दोष वारलूवर आला. वारलू आमच्या आरोग्य केंद्राचा कर्मचारी. गावोगाव पायी जाऊन लोकांची बोटं टोचायची, रक्ताचा थेंब काचेवर पसरायचा आणि हिवतापाच्या तपासणीसाठी काचांची पेटी प्रयोगशाळेत माझ्याकडे आणायची, हे त्याचं काम.

केंद्राच्या डॉक्टर साहेबांनी मला विचारलं, "याच्या काचा खऱ्या, की घरी बसून केलेल्या?"

मी एकोणीस गावांच्या पेट्यांतली पहिली काच काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. सगळीकडे त्याच लांबट पेशी. एकच रक्त. प्रत्येक पेटीच्या यादीत पहिलं नावही एकच : वारलू. मी लिहून दिलं, काचा बनावट. पेट्यांना सील लागलं, वारलू निलंबित झाला. मला माणसांची किळस आली होती. तापाने माणसं मरतात आणि हा स्वतःचंच बोट टोचत बसतो!

वर्षभराने आमच्या कंपाउंडर बशीरभाईंनी माझ्या टेबलावर साठ पानांचं पुस्तक ठेवलं. मूल गावच्या छापखान्यातलं, शाई फुटलेलं. वारलूने आठवणी सांगितल्या होत्या, त्याच्या मुलीने, ललिताने, लिहिल्या होत्या.

"मला नको," मी म्हणाले.

"वाचा तं खरं, निशातबाई. तुमीबी आहा त्याच्यात."

शिव्या असतील म्हणून वाचलं. शिव्या नव्हत्या. रक्त घेतलं की जीव जातो, असं लोकांना वाटे. म्हणून प्रत्येक गावात वारलू आधी सगळ्यांसमोर स्वतःचं बोट टोची. 'पहिली काच माझी. मग म्हातारे हात पुढे करत, मग बायका.' एका गावात त्याला थंडी वाजून ताप आला, तर ज्यांनी सकाळी रक्त द्यायला नकार दिला होता, तेच त्याला खाटेवर घालून सात कोसांवरच्या दवाखान्यात घेऊन गेले. आणि शेवटी : 'तपासणाऱ्या बाई शिकलेल्या आहेत. आज ना उद्या बाकीच्या काचाही पाहतील.'

खोटं करणारा माणूस यादीत स्वतःचं नाव लिहीत नाही, हे एम.एस्सी. झालेल्या मला सुचलं नव्हतं.

मी सील तोडलं. दुसऱ्या काचेपासून प्रत्येक रक्त वेगळं. कुठे फिकट पेशी, कुठे विळ्यासारख्या वाकलेल्या. मेलेल्यांच्या गावाची पेटी शेवटी उघडली. चार नंबरच्या काचेत हिवतापाच्या जंतूंची वलयं. नऊमध्येही. पेटीवरची केंद्रात पोचल्याची तारीख पहिल्या मृत्यूच्या अकरा दिवस आधीची होती. मी तेव्हा रजेवर होते, साहेबांनी बदली माणूस दिला नव्हता, आणि पेटी आमच्याच कपाटात पडून राहिली होती. वारलूने ताप आमच्या दारात आणून दिला होता. आम्ही दार उघडलं नाही, आणि वर त्यालाच चोर ठरवलं.

साहेब फाइलवरून नजर न काढता म्हणाले, "सोडा ना मॅडम. तो आता म्हातारा झाला. प्रकरण मिटलं आहे."

"त्याच्यासाठी मिटलेलं नाही. अहवाल माझा होता, तो चुकीचा होता. हा नवा. पेटी कपाटात पडून राहिल्याची तारीखही लिहिली आहे."

"कपाटाची? मग चौकशी आपल्या दोघांवर येईल. तुम्हाला कळतंय का?"

"कळतंय. येऊ द्या," मी म्हणाले. "फक्त चौकशी करणाऱ्यांना सांगा, या वेळी शेवटच्या काचेपर्यंत पाहा."