मोहरीचं पाणी

भाविकाने मोहरीचं पाणी परसातल्या मातीवर ओतलं आणि उकिडवी बसून राहिली. वाटलेली मोहरी पाण्यात कालवून ओतली की अंगाची आग होऊन खोलातली गांडुळं आपणहून वर येतात. ओढून काढू गेलं तर बारीक केसांनी बिळाला धरून बसतात आणि तुटतात. शेणाच्या ढिगातली तांबडी गांडुळं तिने आधीच उचलली होती. ती वरच्या वर कुजलेलं खाऊन कुठेही जगतात. पण पाला बिळात ओढून नेणारी ही लांब, मातकट गांडुळं परसात पडणाऱ्या भरावाखाली गुदमरली असती. वर आलेलं गांडूळ लगेच बादलीतल्या स्वच्छ पाण्यात धुवायचं, नाहीतर ते होरपळतं, मग पलीकडच्या वालाच्या वाफ्यात सोडायचं.

शेजारी सासू, सोनाबाई, मोहरीच्या पाण्याचा दुसरा तांब्या घेऊन बसली होती. चांगली मोहरी मातीत घालते म्हणून सकाळपासून तिची कुरकुर चालली होती, तरी वाटून तिनेच दिली होती.

भाविकाचा नवरा कुमार तणतणतच आला. परसात भराव टाकून कंटेनर उभे करायचे त्याने ठरवलं होतं, आणि पनवेलहून आलेला भरावाचा डंपर, गांडुळं काढून झाल्याशिवाय नको म्हणून, भाविकाने परत पाठवला होता. त्याने फावडं उचलून गांडुळांवर घातलं. तुकडे वळवळले. ती आडवी आली तशी तिच्या पोटात लाथ बसली. मग त्याने तिची वेणी हाताला गुंडाळली. चिरनेरला बापाच्या दारात नेऊन टाकतो, परत इथे दिसलीस तर याच मातीत गाडीन, म्हणत तो ओढू लागला. तिने गोठ्याच्या खांबाला मिठी मारली. हे घर तिला सोडायचं नव्हतं. त्याने तिचं डोकं खांबावर आपटलं, पुन्हा आपटलं. डोळ्यात रक्त उतरलं तरी मिठी सुटेना.

अशा वेळी सोनाबाई तोंड फिरवून आत निघून जाई. नवऱ्याच्या मारापेक्षा भाविकाला तिच्या या तोंड फिरवण्याचीच जास्त चीड होती. आजही म्हातारी उठली ती आत जायलाच, असं तिला वाटलं.

सोनाबाईने तांब्या कुमारच्या डोळ्यांवर रिकामा केला.

त्याच्या हातातून वेणी सुटली. कुमार चिखलात गडबडा लोळत आईकडे पाणी मागू लागला. भाविकाचा हात सवयीने बादलीकडे गेला, तो सोनाबाईने धरला. खाली वाकून तिने तडफडणारं एक गांडूळ अलगद उचललं आणि सुनेच्या तळहातावर ठेवलं.

"आदी यांना धू," ती म्हणाली. "तो काय मरत नाय."