पर्सनल चालणार नाही

मित्रांनो, मी कापडाच्या गोदामातली मालाची लिफ्ट, आता बरीच जुनी झाले आहे. मला पंखा नाही, घंटा नाही, आत साधं बटणही नाही. बाहेरून कुणी बटण दाबलं की मी हलते. चार भिंतींच्या मधून वर आणि खाली, एवढंच माझं जग. नवी होते तेव्हा मालक पाहुण्यांना माझी ताकद कौतुकानं दाखवायचे. पुढे मी कुरकुरू लागले, तशी माझी विचारपूस थांबली.

माणसांनी माझ्यात बसू नये म्हणून सुपरवायझरनं पाटी रंगवायला सांगितली, तीही फोनवर आणि इंग्रजीत. "नो पर्सोनेल", म्हणजे कामावरच्या माणसांना मनाई. रंगाऱ्यानं ऐकलं "पर्सनल" आणि तेच माझ्या दारावर ठळक काढलं. आता अर्थ झाला, खासगी वस्तू आणायच्या नाहीत. सगळ्यांनी तो नियम इमानेइतबारे पाळला. डबे, पिशव्या, मोबाइल दाराशी ठेवायचे आणि स्वतः खुशाल आत शिरायचे. मला कळत होतं, पण सांगणार कशी?

एके दुपारी पॅकिंगवाल्या नणंद-भावजय गठ्ठ्यांसोबत आत आल्या. हमालानं बाहेरून बटण दाबलं आणि तो जेवायला गेला. दोन मजल्यांच्या मध्येच मी अडकले. दिवाही गेला.

"वहिनी, घाबरू नकोस. येईल कुणीतरी."

"घाबरत नाही गं. पण माझा दम्याचा पंप पिशवीत राहिला."

"आणि पिशवी?"

"खाली. पर्सनल ना ती."

दोघी हसल्या, पण वहिनीचं हसू खोकल्यात गेलं. नणंदेनं पत्र्यावर मुठी आपटल्या, हाका मारल्या. मग वहिनीला गठ्ठ्याला टेकवून ती पुठ्ठ्यानं वारा घालू लागली.

"बोलू नकोस. माझ्याबरोबर श्वास घे नुसता."

वहिनीच्या छातीतली शिट्टी माझ्या पत्र्यापर्यंत पोचत होती. मी सगळा जोर लावला, तसूभरही हलले नाही. त्यांना मी कोंडलं होतं आणि मला भिंतींनी.

जेवून परतलेल्या सुपरवायझरला दाराशी दोन पिशव्या दिसल्या, बायका मात्र कुठेच नव्हत्या. तेव्हा कुठे त्यानं पाटी नीट वाचली, दोघी माझ्यातच अडकल्या असणार हे त्याला उमगलं आणि तो मेकॅनिककडे धावत सुटला. मेकॅनिकनं वरचं चाक हातानं फिरवून मला खाली आणलं. पंप ओढल्यावर हळूहळू वहिनीचा श्वास सुरळीत झाला.

"साहेब, पाटीवर लिहायचं काय होतं?" तिनं विचारलं.

"माणसांनी बसू नये, असं."

"मग तसंच लिहायचं की."

दुसऱ्याच दिवशी तसं लिहिलं गेलं. मित्रांनो, इंग्रजी शब्द जरूर शिका. पण ज्याच्या जिवासाठी सूचना लिहायची, त्याला ती कळते का, हे आधी विचारा. मी आजही इथेच वरखाली करते, पोटात नुसते गठ्ठे घेऊन. ते ओझं मला चालतं. आतून कुणी पत्रा ठोठावलेला मात्र पुन्हा ऐकवणार नाही.