पाचवी गैरहजर

त्या शाळेत एक मूल म्हणजे पाच मुलं असायची. कार्यालयाच्या संगणकात ते आडनावाने राहायचं, ग्रंथालयात नंबराने, परीक्षा विभागात आसनक्रमांकाने, बसच्या यादीत थांब्याच्या नावाने आणि स्वयंपाकघरात 'शेंगदाणे न चालणारा तो' एवढ्याच ओळखीने. ही पाचही मुलं एकच आहेत, हे नक्की ठाऊक असायचं ते फक्त त्याच्या आईला. घर बदललं की ती बिचारी प्रत्येक खिडकीवर जाऊन नवा पत्ता सांगायची, आणि तरीही बस जुन्या घरासमोर हॉर्न वाजवत उभी राहायची.

यात तसा कुणाचा दोष नव्हता. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, दर वर्षा-दोन वर्षांनी हौसेने एकेक प्रणाली घेतली होती आणि प्रत्येक वेळी विकणारा निराळा होता. त्यामुळे एका छपराखाली नांदूनही त्या प्रणालींचा आपसात अबोला होता.

तो अबोला सोडवायचं काम विज्ञानाच्या बाईंच्या गळ्यात पडलं. कारण काय, तर एकदा भर सभेत बंद पडलेला प्रोजेक्टर त्यांनी सुरू करून दाखवला होता. खरं तर त्यांनी सैल झालेली वायर नीट खोचली होती, पण तसं सांगेपर्यंत टाळ्या पडून गेल्या होत्या. मोठ्या बाईंनी त्यांना पाचवीच्या वर्गातून उचललं आणि जिन्याशेजारच्या काचेच्या खोलीत नेऊन बसवलं. दारावर 'प्रणाली आराखडा' अशी पाटी लागली. पोरांनी ती वाचली आणि मधल्या सुट्टीच्या आत बाईंचं नाव 'आराखडेबाई' पडलं.

खोलीत फिरती खुर्ची होती, चहा जागेवर यायचा. पण बाईंचा जीव पाचवीत अडकलेला. पाचवीतली पोरं म्हणजे कशी, 'का' विचारायला अजून न लाजणारी. पुढच्या वर्षी ती सहावीत जाणार, म्हणजे रस्त्यापलीकडच्या इमारतीत, आणि मग हाताला लागणार नाहीत. मोठ्या बाईंनी शब्द दिला होता की सगळ्या प्रणाली जोडल्यावर पहिला आठवडा बिनतक्रार गेला, तर काम कार्यालयाकडे सोपवायचं आणि बाईंनी आपला वर्ग घ्यायचा. तक्रार आली, तर मात्र सगळं सुरळीत होईपर्यंत मुक्काम काचेतच.

बाई झपाटून कामाला लागल्या. भिंतीवर मोठा कागद लावून त्यांनी अख्खी शाळा चौकोनांत काढली आणि कोण कुणाला काय सांगतं त्याचे बाण मारले. घर बांधताना पाणी कुठून येणार आणि कुठे जाणार हे आधी ठरवतात, तसंच हे. त्यांचं सूत्र साधं होतं. कुठलीही गोष्ट एकदाच नोंदवायची, जिथे ती घडते तिथेच, आणि बाकीच्यांनी ती तिथूनच घ्यायची. उदाहरणार्थ हजेरी. शिक्षकांनी पहिल्या तासाला फोनवर बोट टेकवलं, की किती पानं मांडायची ते स्वयंपाकघराला कळणार, घरी जाताना किती जागा लागणार ते बसला कळणार, राखून ठेवलेली पुस्तकं द्यायची की नाही ते ग्रंथालयाला कळणार. आणि मूल आलं नसेल, तर घरच्यांना निरोप.

सोमवार लोण्यासारखा गेला. मंगळवारी ग्रंथपाल स्वतःहून हसले, ही शाळेतली जुन्या लोकांनाही न आठवणारी घटना. बाईंनी कपाटातून भिंगांचा डबा काढून पुसायला घेतला.

बुधवारी सकाळी फाटकाशी एक आजोबा आले. एका पायात बूट, दुसऱ्यात चप्पल. नात शाळेत पोचलीच नाही असा निरोप त्यांना आला होता, आणि तिला तर त्यांनीच बसमध्ये चढवलं होतं. त्यांच्या मागोमाग एक आई आली, मग एक काका, मग पीठ लागलेल्या हातांनी एक आत्या. बघता बघता फाटकाशी पाचवीचं अख्खं गणगोत जमलं. कुणाला रडू फुटलेलं, कुणी पहारेकऱ्याला फैलावर घेतलेलं.

बाई धावत पाचवीच्या वर्गात गेल्या. वर्ग रिकामा. मग खिडकीतून हसण्याचा आवाज आला म्हणून त्या मागच्या अंगणात गेल्या, तर तिथे पाचवी मजेत बसलेली, गुडघ्यावर फळ्या, हातात खडू. चित्रकलेचे सर एकेकाच्या मागे उभे राहून बघत होते.

सरांची रीतच तशी होती. बाई काचेत गेल्यावर पाचवीचा बुधवारचा पहिला तास त्यांच्याकडे आला होता. ते पोरांना वर्गात नेतच नसत, फाटकापासून थेट अंगणात. उन्हं तिरपी असतात तोवरच सावल्या काढता येतात, असं त्यांचं म्हणणं. हजेरी ते तास संपताना घेत, आणि तीही नावं पुकारून नव्हे. जमा झालेली चित्रं बघून. ज्याचं चित्र आलं तो हजर. बाकीच्या वर्गांत हे कितीतरी वर्षं चाललं होतं आणि कुणाचंही काही अडलं नव्हतं. आज मात्र अर्ध्या तासात सरांचं बोट टेकलं नाही, म्हणून बाईंच्या प्रणालीने पाचवीला गैरहजर ठरवलं. स्वयंपाकघराने पानं कमी केली, बसने जागा काढून घेतल्या, ग्रंथालयाने पुस्तकं सहावीला देऊन टाकली. आयुष्यात प्रथमच सगळे विभाग एकमुखाने बोलले होते, आणि तेही धडधडीत खोटं.

मुलगी समोर दिसल्यावर आजोबांनी तिला जवळ घेतलं, चित्राचं कौतुक केलं आणि मग बाईंकडे वळून शांतपणे विचारलं, "ही जर इथे आहे, तर गैरहजर कोण होतं?"



दुपारी मोठ्या बाईंच्या खोलीत बैठक बसली. कार्यालयातले भाऊसाहेब म्हणाले, यात एवढं काय, सरांना ताकीद द्या, आधी हजेरी मग सावल्या. सरही बिचारे तयार झाले. घेतो म्हणाले वर्गात, दहा मिनिटं जातील, ऊन थोडं वर येईल, एवढंच. मोठ्या बाईंनी आराखडेबाईंकडे पाहिलं. आजची चूक सरांच्या खात्यावर टाकायची, आठवडा पुढे चालू ठेवायचा आणि सोमवारी पाचवीत पाऊल टाकायचं. एक होकार दिला की झालं.

बाईंच्या जिभेवर होकार आलाही होता. पण वर्गात त्यांनीच पोरांना शिकवलं होतं की तापमापक बघायचा राहिला, तर वहीत शून्य लिहायचं नाही, 'पाहिलं नाही' असं लिहायचं. पोरांना सांगितलेलं आपणच विसरलो, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

"चूक सरांची नाही," त्या म्हणाल्या. "हजेरी कळली नाही म्हणजे मूल आलं नाही, असं मी धरलं. 'माहीत नाही' याला आराखड्यात जागाच ठेवली नाही. आणि ती करायची तर प्रत्येक बाण पुन्हा तपासावा लागेल. वर्षअखेरपर्यंत पुरेल एवढं काम आहे."

भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला. मोठ्या बाई म्हणाल्या, "म्हणजे पाचवी गेली म्हणायची तुमची. आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं खरं," बाई म्हणाल्या. "पण मी त्या खोलीत बसले म्हणूनच हे झालं, बाई. वर्ग घेत असते, तर सर बुधवारी पोरांना कुठे नेतात हे मला ठाऊक नसतं का? काचेतून जिना दिसतो, शाळा नाही दिसत."

मोठ्या बाईंनी वेळापत्रक पुढे ओढलं. त्या शब्दाला पक्क्या होत्या, पण हट्टी नव्हत्या. त्या म्हणाल्या की अख्खी पाचवी नाही देता येणार, तासाला दुसऱ्या बाई नेमल्यात. आठवड्याचे दोन तास घ्या, आणि आराखड्याचं काम त्या वर्गात बसूनच करा. तोवर निरोप बंद. भाऊसाहेबांनी फाटकाशी खुर्ची टाकून पोरं डोळ्यांनी बघायची. भाऊसाहेबांना हे मुळीच पटलं नाही, पण खुर्ची सावलीत मिळेल का, एवढंच त्यांनी विचारलं.

पहिल्या तासाला बाईंनी भिंतीवरचा कागद पाचवीच्या फरशीवर अंथरला आणि पोरांना त्याच्याभोवती बसवलं. एखादं मूल आलंय की नाही हेच माहीत नसेल, तर तुम्ही काय करता, असं प्रत्येक चौकोनात जाऊन विचारून यायचं, एवढाच अभ्यास दिला.

पोरं पांगली आणि गलका करत परत आली. स्वयंपाकघरातल्या मावशी म्हणाल्या होत्या, पान मांडून ठेवते, उरलं तर उरलं. बसवाले काका म्हणाले होते, थांबतो आणि हाका मारतो. ग्रंथपाल म्हणाले होते, पुस्तक कुलपात ठेवतो आणि किल्ली खिशात.

यावर वर्गात जोरदार भांडण जुंपलं. एका गटाचं म्हणणं, सगळ्यांनी मावशींसारखंच करावं. आजोबांच्या नातीला ते मान्य नव्हतं. पान वाढून ठेवलं तर फार तर वाया जाईल, पण पुस्तक भलत्याला दिलं तर खऱ्याला मिळणार नाही, मग दोघांना एकच नियम कसा लावायचा, असं तिचं म्हणणं. ती कागदावर पालथी पडून ग्रंथालयाच्या चौकोनापासून नवा बाण काढू लागली, आणि शेजारच्याने तो खोडून दुसरीकडे वळवला.

बाईंनी मध्ये तोंड घातलं नाही. त्यांनी आपला पाय बाणाच्या वाटेतून तेवढा बाजूला घेतला.